अबोलीवरची छत्री

काळी छत्री. बांबूच्या काठीला सुतळीने बांधलेली, एक काडी मोडून लोंबणारी. पाऊस नाही, ऊनही नाही. छत्रीखाली अबोलीचं झुडूप.

श्रीखंडाचे रिकामे डबे, तळाला तापल्या खिळ्याने पाडलेली भोकं. आमच्या घरात श्रीखंड कोणालाच आवडायचं नाही. डब्यांसाठी खावं लागायचं.

देवघरातली घंटा. ती आमच्याकडे गॅलरीत वाजायची, दिवसातून कधीही. भिंतीपलीकडच्या चौगुलेकाकू सुरुवातीला हात जोडायच्या. मग मी त्यांना सांगितलं, की आरती नसते, आई मला बोलावते.

माझ्या लग्नाच्या पंगतीत भामामावशी शेजारच्या बाईला म्हणाली, "ह्या चेडू काय नांदूचा नाय." चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मावशीच्या मागे मठ्ठ्याचा जग घेऊन माझी आई उभी होती.

डॉक्टरांनी कागदावर घशाचं चित्र काढलं, एका जागी गोल केला आणि त्यावर फुली मारली. "पुढच्या बुधवारी," ते म्हणाले.

*

"मागायचं नाही," आई म्हणाली. "चोरायचं."

मिरजेहून सुटलेली बस आंबोलीचा घाट उतरत होती. आईने खिडकीच्या गजाला डोकं टेकलं होतं. तिचा आवाज तेव्हा जात्यात खडा अडकल्यासारखा यायचा.

"मागितलेलं बी रुजत नाही. चोरलेलं रुजतं."

"ही समजूत तुला सोयीची आहे," मी म्हणाले. "मागायचं म्हणजे मावशीशी बोलावं लागेल."

"सोयीची असली म्हणून खोटी होत नाही."

बुधवारी तिच्या घशातली स्वरपेटी काढणार होते. त्यानंतर आवाज राहणार नव्हता. डॉक्टरांनी ते तीनदा तीन प्रकारे सांगितलं, कारण आई प्रत्येक वेळी फक्त मान हलवत होती. बाहेर आल्यावर तिने रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "त्याच्या आधी सावंतवाडीला जाऊन येऊ. बी आणायचंय."

तिला बहिणीशी बोलायचं आहे, असं मी धरून चालले. आवाज असेपर्यंत एकदा. तसं ती म्हणाली मात्र नव्हती. ती बी म्हणाली होती.

*

बियांचं आधी सांगायला हवं.

आईला विकतचं रोप चालत नसे. "नर्सरीतलं रोप म्हणजे मोठं झालेलं पोर दत्तक घेणं. त्याचं रांगणं कोणी बघितलं?" हंगामी फुलांनाही तिच्याकडे मान नव्हता. झेंडू दसऱ्याला येतो, दिवाळीनंतर जातो, त्याच्याशी काय ओळख ठेवायची, असं तिचं म्हणणं. तिला लागायची वर्षानुवर्षं राहणारी झाडं, आणि तीही बियांपासून. सदाफुलीचं बी शाईच्या ठिपक्याएवढं, ते चिमूटभर वाळूत मिसळून पेरायचं. गोकर्णाचं बी फरशीवर घासून रात्रभर पाण्यात टाकायचं. गुलबक्षीचं मिऱ्यासारखं, ते तर नुसतं फेकलं तरी येतं, म्हणून गुलबक्षीवर तिचा थोडा कमी जीव.

पेरल्यावर डब्यावर ओलं फडकं. सकाळी चहाच्या आधी फडक्याचा कोपरा उचलून बघायचं. काही नसलं तर तसाच ठेवायचा, काही असलं तर मला हाक मारायची. मी दात घासत असले तरी यायचं. बियाचं टरफल डोक्यावर तसंच घेऊन कोंब वर आलेला असायचा. "टोपी घालून आलाय," ती म्हणायची. ती टोपी कोणी काढायची नाही असा नियम होता. त्याची त्याने काढायची.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या गॅलरीत सगळं होतं, फक्त अबोली नव्हती. म्हणजे नाइलाजाने नर्सरीतून आणलेली एक होती. भरपूर फुलायची, फुलं मोठी, पण कणसात बी कधी धरायचीच नाही. आई ते वांझ कणीस बोटांनी चाचपायची आणि सोडून द्यायची. बी धरणारी अबोली तिच्या माहेरच्या अंगणातली. माहेर राहिलं नव्हतं. त्या अबोलीचं बी भामामावशीने आपल्या सासरी नेलं होतं.

आणि भामामावशीशी आईचा अबोला होता. मांडवातल्या त्या वाक्यापासून.

मी नवऱ्याचं घर सोडून परत आले होते, त्याला तोपर्यंत बरीच वर्षं झाली होती. मला मावशीचा राग नव्हता. तिला एका पंगतीत जे दिसलं ते मला दिसायला दोन वर्षं लागली, इतकंच. मी हे आईला सांगून बघितलं होतं. पण तिचा राग त्याचाच होता. मावशीचं बोलणं खोटं ठरलं असतं तर आई वर्षभरात विसरली असती.

*

सावंतवाडीला उतरून आम्ही रिक्षाने पुढे गेलो. मावशी दारात उभी होती. तिचा मुलगा दिगू कोल्हापूरला नोकरीला होता, त्याला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. म्हणजे तिला माहीत होतं.

"विशू, इलंस? ये," मावशी म्हणाली. "तुझ्या आवशीक सांग, पायार पाणी घे म्हणान."

"तिला सांग, घेते," आई म्हणाली.

दोघी हाताच्या अंतरावर होत्या. तांब्या मावशीने पुढे केला तो माझ्याकडे. मी तो आईकडे दिला.

आत गेल्यावर चहा.

"तिका विचार, साखर किती घालू."

"तिला सांग, नेहमी घालतात तेवढी."

"तिका सांग, ती खाता तितकी घातलंय तर माझो डबो रिकामो होतलो."

"तिला सांग, डबा लहान असेल."

मी काही सांगत नव्हते. सांगायची गरजच नव्हती. मी फक्त मध्ये बसले होते. त्यांना बोलायला मी लागत होते, जसं कपडे वाळत घालायला दोरी लागते.

मावशी नारळ खवायला बसली. विळीवरून नजर न उचलता तिने विचारलं, "कधी नेतत?"

"बुधवारी," मी म्हणाले.

"मगे आवाज?"

"राहणार नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

खवणं थांबलं नाही. करवंटी अर्धी फिरली, पूर्ण फिरली, खोबरं संपून पातं करवंटीलाच घासायला लागलं तेव्हा तिने ती खाली ठेवली.

"तिका विचार, दुखता काय."

"गिळताना," आई माझ्याकडे बघत म्हणाली.

मग जेवायला उकड्या तांदळाची पेज आली. मऊ, पातळ, वर चमचाभर तूप. पेज शिजायला वेळ लागतो. मावशीने दुखतं का हे विचारलं तेव्हा ती चुलीवर तयार होती. आई खाली बघून जेवली. वाटी परत भरली गेली तेव्हा "पुरे" म्हणाली, पण तेही मला.

जेवण झाल्यावर आईने मागच्या दारी हात धुतले, चूळ भरली आणि पदराला तोंड-हात पुसले.

मावशीने चटई घातली. "मी जरा पडतंय, विशू," ती म्हणाली. आवाज घरात मावणार नाही एवढा मोठा होता. "मागल्या दाराक कडी नाय. आणि झोप लागली काय माका कायएक आयकाक येना नाय."

ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. भामामावशीला दुपारी झोप लागत नाही हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. आईला तर त्याच्याही आधीपासून.

*

अबोली मागच्या अंगणात होती, फणसाच्या खाली. कमरेएवढं झुडूप, शेंड्यांना फुलं. फिकट केशरी, नर्सरीतल्यापेक्षा लहान. फुलांच्या खाली कणसं वाळून तपकिरी झालेली. आणि त्या सगळ्यावर ती छत्री. उन्हासाठी असेल असं मला वाटलं. फणसामुळे तिथे ऊन येतच नव्हतं, हे मी बघितलं, पण त्यावर विचार केला नाही.

आई वाकली. हिरवी कणसं सोडून वाळकी तेवढी खुडू लागली. घाई नाही. एक कणीस तिने नखाने उकललं, आतलं चपटं बी तळहातावर घेतलं, आणि माझ्यासमोर धरलं.

"हे," ती म्हणाली. "बघ."

डॉक्टरांकडून आल्यापासून तिचा चेहरा एवढा मोकळा मी पाहिला नव्हता. मी "हं" म्हणाले.

"आई, आत जाऊन बोल तिच्याशी. बुधवारनंतर—"

"माहीत आहे मला बुधवारनंतर काय आहे."

"मग?"

"काय बोलू? सुरुवात कुठून करायची, सांग." तिने कणसं पदराच्या टोकात घेतली, सैल गाठ मारली. "इतक्या वर्षांचं पहिलं वाक्य. ते चांगलं असायला नको? मला सुचत नाही."

आम्ही आत आलो. मावशी तशीच भिंतीकडे तोंड करून पडली होती. आई खांबाला टेकून खाली बसली, गाठ मांडीत. मी बसच्या वेळेचा विचार करत होते.

चट.

लहान आवाज. टिचकी वाजवल्यासारखा. मला वाटलं पाल.

चट. चट.

आईने मांडीकडे बघितलं.

वाळलेल्या अबोलीच्या बोंडाला ओल लागली की ते फुटतं आणि बी लांब उडवतं. हे आईला ठाऊक होतं. ज्या टोकाने तिने हात-तोंड पुसलं, त्याच टोकात तिने कणसं बांधली होती, हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. तिने गाठीवर हात दाबला, कोणाचं तरी तोंड दाबावं तसा. हातही कोरडा नसावा. आता एकामागून एक सुरू झालं. मोहरी तडतडावी तसं. सैल गाठीतून एक बी उडालं आणि पितळेच्या समईला लागून टिंग वाजलं. एक मावशीच्या पाठीवर पडलं.

"विशू," मावशी भिंतीला म्हणाली.

"काय, मावशी?"

"तुझ्या आवशीचो पदर कित्या बोलता?"

मी आईकडे बघितलं. चट, पदर म्हणाला.

"ओलो होतो गो, बाय," आई म्हणाली.

मावशीला ती लहानपणी बाय म्हणायची. आणि ही बोली मी तिच्या तोंडून मिरजेत कधी ऐकली नव्हती.

मावशी वळली नाही. तिची पाठ हलत होती. ती हसत होती.

"ल्हानपणीय ओल्या हातानच चोरलंस," ती म्हणाली. "आवशीन धरल्यान तुका. तोंडातसून आवाज नाय आणि मुठीतसून चट चट."

"तूच सांगितलंस तिका."

"मी नाय. अबोलीन सांगितल्यान."

आई हसली. त्या घशातून हसू म्हणजे खरखर फक्त. मग खोकला आला. मावशी उठून बसली, पाण्याचं भांडं घेतलं आणि या वेळी माझ्याकडे न देता सरळ तिच्या हातात दिलं.

"ती आता गेली फुकट," पदराकडे बघून मावशी म्हणाली. "हात पूस आणि परत चोर. माझ्या टावेलाक पूस, कोरडो आसा. मी हय भिंतीकडे बघतंय. तुझ्याकडे बघूचंय नाय."

"देऊन टाक की सरळ," मी म्हणाले.

दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"दिलेला रुजना नाय," मावशी म्हणाली.

"शिकलेली आहे ती," आई म्हणाली. "तिला काय कळतंय."

आई हात पुसून परत मागच्या दारी गेली. मावशी खरोखरच भिंतीकडे तोंड करून बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "दंवानसुदा फुटतत ती, विशू. सकाळी उठान बघशीत तर सगळी रिकामी." छत्री दंवासाठी होती, हे मला तेव्हा कळलं.

*

नंतर त्या बोलत बसल्या. किती वेळ, सांगता येत नाही. आम्ही धरायची ती बस गेली, पुढचीही गेली. इतक्या वर्षांचं काहीतरी मोठं बोलणं होईल अशी माझी कल्पना होती. कोणाची म्हैस कोणाच्या केळीत शिरली, कोणाचं पोर गोव्यात कामाला लागलं आणि नाव बदलून बसलं, माहेरच्या विहिरीवरचा रहाट कोणी नेला. मी पडवीत बसून ऐकत होते. आईचा आवाज हळूहळू बारीक होत चालला.

"आई, डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय," मी आत जाऊन म्हणाले.

"बुधवारपासून कमीच बोलतली," मावशी म्हणाली.

मी थांबले. पण आई मान मागे टाकून हसत होती.

एकदाच मावशी म्हणाली, "मांडवात मी बोललंय ता—"

"ऱ्हवांदे," आई म्हणाली.

"तुका आयकाक गेला ह्या माका म्हायत नव्हता."

"ऱ्हवांदे म्हटलंय ना. खरांच बोललंस." मग पडवीकडे बघून, "ती बरी आसा. माझ्याकडे आसा."

मी पडवीतल्या बाकावर होते. त्यांनी आवाज कमी केला नाही. मीही उठून गेले नाही.

रिक्षा आली तेव्हा मावशी फाटकापर्यंत आली. आईच्या हातात रुमालाची कोरडी पुरचुंडी होती. मावशी त्या पुरचुंडीकडे बघत नव्हती.

"येतंय गो, बाय."

"ये," मावशी म्हणाली. "हात कोरडे ठेव."

*

बुधवारी ठरल्याप्रमाणे झालं.

आई घरी आली ती गळ्याला भोक आणि त्यावर जाळीचं फडकं घेऊन. पहिले काही दिवस टाळ्या वाजवून बोलवायची, मग घंटा सापडली. अबोली तिने खुणांनी माझ्याकडून पेरून घेतली. माती चाळायला लावली. बी खोल गेलं की मनगटावर चापट. ओलं फडकं मी घातलं, पण कोपरा उचलायचं काम तिने स्वतःकडे ठेवलं.

अबोली सावकाश येते. सदाफुली कधीच वर आली होती, गोकर्णाने दोरी धरली होती, आणि त्या डब्यात नुसती माती. मी एकदा म्हणाले, चोरलेलंही रुजत नाही वाटतं. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

एका सकाळी घंटा वाजली आणि थांबेना. मी तोंडात फेस घेऊन धावले. चौगुलेकाकू घाबरून दार वाजवत आल्या. आई गॅलरीत उकिडवी बसली होती, एका हातात घंटा, दुसऱ्या हाताने फडक्याचा कोपरा धरलेला. डब्यात एक कोंब होता. आईने घंटा खाली ठेवली आणि स्वतःच्या डोक्यावर तळहात उलटा धरून दाखवला. टोपी.

काकू म्हणाल्या, "एवढंच होय?"

आईने मान डोलावली. एवढंच.

पुढच्या थंडीत त्या झुडपाला कणसं वाळली. मावशीचा दर रविवारी फोन यायचा. रिसीव्हर आई कानाला धरायची, मावशी तिकडून बोलायची, आई ऐकायची. कोण गेलं, कोणाचं लग्न ठरलं. उत्तर द्यायची सोय नव्हती, म्हणून मी बाजूला उभी राहून "आई हसतेय" किंवा "आई नाही म्हणतेय" असं सांगायची. परत मध्ये दोरी.

एका रविवारी आईने मला हाताने बाजूला सारलं. गॅलरीतून एक वाळकं कणीस आणलं, रिसीव्हरच्या तोंडाशी धरलं, आणि बोट पाण्यात बुडवून त्याच्यावर ठेवलं. तिकडे मावशी बोलत होती, मला अस्पष्ट ऐकू येत होतं. आई वाट बघत राहिली.

चट.

तिकडचं बोलणं थांबलं.

चट. चट.

"ओलो होतो काय गो?" मावशी एवढ्या मोठ्याने म्हणाली, की ते मला लांब उभी असूनही कळलं.

आई बोट परत पाण्यात बुडवत होती.

*

पाऊस संपला की अबोलीवर छत्री बांधायची आणि वाळकी कणसं कोरडी ठेवायची, हे भामामावशीने सुरू केलं ते माझं लग्न झालं, आईने तिच्याशी बोलणं टाकलं, त्या वर्षी.